‘ज्युरासिक पार्क’ची निर्मिती, प्रसिद्धी आणि स्वागत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी आम्ही चित्रपट रसास्वादाचा एक छोटा वर्ग चालवतो. नामशेष डायनासोर पुन्हा जन्माला घालून उभारलेल्या उद्यानाची गोष्ट सांगणारा स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘ज्युरासिक पार्क’ (१९९३) त्यात दर वर्षी दाखवला जातो आणि दिवे लागल्यावर दर वर्षी जवळपास तेच प्रश्न येतात. काही प्रश्न मुलांचे असतात. काही त्यांच्याबरोबर येणाऱ्या पालकांचे असतात, ज्यांनी हा चित्रपट नव्वदच्या दशकात गावातल्याच टॉकीजमध्ये हिंदीत पाहिला होता. त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून ठेवावीत, म्हणून हे पान.

तीस वर्षांहून जुना चित्रपट आज दाखवण्याचे कारण काय?

या चित्रपटात हाताने घडवलेली वस्तू आणि संगणकात घडवलेली प्रतिमा एकाच प्रसंगात शेजारी शेजारी उभ्या आहेत आणि दोहोंमधला सांधा आजही सहजासहजी सापडत नाही. पडद्यावरचे सगळेच संगणकातून येऊ शकते हे आजच्या मुलांना ठाऊक असते, त्यामुळे त्यांना कशाचे फारसे नवल वाटत नाही. पण काही टन वजनाचे यंत्र कॅमेऱ्यासमोर खरोखर पावसात उभे होते, हे कळल्यावर तीच मुले तो प्रसंग पुन्हा लावायला सांगतात. आमच्या मते या चित्रपटाचे यश संगणकाचे कमी आणि संयमाचे जास्त आहे. काय दाखवायचे याइतकाच काय राखून ठेवायचे याचाही त्यात कसून विचार झालेला आहे.

कोल्हापूरच्या प्रेक्षकाला हे पटवून द्यायला फार कष्ट पडत नाहीत. बाबूराव पेंटरांनी इथे स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये त्यांच्या ‘सैरंध्री’तला कीचकवध इतका खरा वाटला की त्याला सेन्सॉरची कात्री लागली. पडद्यावरचा भास कुणाच्या तरी हातांतून उतरलेला असतो, हे या गावाला शंभर वर्षांपासून माहीत आहे.

कथा कुठून आली?

मायकेल क्रायटन यांच्या १९९० च्या कादंबरीतून. पुस्तक छापून बाजारात येण्याआधीच चित्रपटाच्या हक्कांसाठी हॉलीवूडच्या मोठ्या कंपन्यांमध्ये चढाओढ लागली आणि युनिव्हर्सलने स्पीलबर्ग यांच्यासाठी ते सुमारे १५ लाख डॉलरला मिळवले. पटकथेचा पहिला खर्डा क्रायटन यांनीच लिहिला, पुढे डेव्हिड केप यांनी तो चित्रपटाच्या मापात बसवला. कादंबरीतली उद्यानाच्या मालकाची व्यक्तिरेखा बरीच कठोर आणि स्वार्थी आहे. पडद्यावर मात्र तो स्वप्नाळू आजोबा झाला आहे. हा बदल काहींना खटकतो. आम्हाला तो योग्य वाटतो, कारण हेतू चांगला असलेल्या माणसाच्या हातून घडलेली चूक अधिक लक्षात राहते.

डायनासोर कितपत खरे बनवले होते आणि कितपत संगणकातले होते?

सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चित्रपट १२७ मिनिटांचा आहे. त्यात डायनासोर पडद्यावर दिसतात ती वेळ पंधरा मिनिटांच्या आसपास भरते आणि त्यातही संगणकाने तयार केलेल्या प्रतिमांचा वाटा चार ते सहा मिनिटांचाच आहे. उरलेले प्राणी स्टॅन विन्स्टन यांच्या कार्यशाळेत घडलेले आहेत.

त्या कार्यशाळेची पद्धत आपल्या शाहूपुरीच्या किंवा गंगावेशीच्या कुंभार गल्लीतल्या मूर्तिकाराला चटकन ओळखू येईल. आधी पाचव्या हिश्शाच्या मापाचे एक शिल्प करायचे, त्यावरून पूर्ण मापाचा प्राणी मातीत उभा करायचा, मातीवरून साचा काढायचा आणि साच्यातून फोम रबराची कातडी बाहेर काढायची. आपल्याकडे शाडूचा मूळ गणपती, त्यावरून रबरी साचा आणि साच्यातून मूर्ती असा क्रम असतो, तोच हा. फरक पोटात होता. विन्स्टन यांच्या टायरॅनोसॉरसच्या, म्हणजे चित्रपटातल्या अजस्र मांसाहारी डायनासोरच्या, कातडीखाली लोखंडी सांगाडा आणि तेलाच्या दाबावर चालणारी यंत्रणा होती. तो सुमारे ६ मीटर उंच आणि १२ मीटर लांब होता. त्याची एक छोटी प्रतिकृती चालक हातांनी हलवत आणि तिची प्रत्येक हालचाल मोठे यंत्र जशीच्या तशी करी. गणेशोत्सवात ज्यांनी मंडळांचे तांत्रिक देखावे मागच्या बाजूने पाहिले आहेत, मोटारी, तरफा आणि पडद्याआड घामाघूम झालेले कार्यकर्ते पाहिले आहेत, त्यांना या कामाचा अंदाज येईल.

गाड्यांवरच्या हल्ल्याचा प्रसंग पावसात चित्रित झाला. फोमच्या कातडीने पाणी प्यायले, वजन वाढले आणि कमी वजनाच्या हिशेबाने जुळवलेले ते यंत्र थरथरू लागले. दोन शॉटांच्या मध्ये माणसे टॉवेल घेऊन त्या अजस्र जनावराला टिपून कोरडे करत. आपल्याकडच्या आषाढात भिजलेली गोधडी दोरीवर टाकताना हात कसे भरून येतात हे ज्याला ठाऊक आहे, त्याला त्या कामगारांची दशा वेगळी सांगावी लागणार नाही.

प्रसंग पाहताना हे लक्षात ठेवा : प्राण्याचे डोके काचेला भिडते, डोळ्याची बाहुली उजेडाने आकसते, तेव्हा समोर विन्स्टन यांचे यंत्र असते, तो पूर्ण अंगाने चालतो किंवा धावतो, तेव्हा इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक (आयएलएम) या दृश्यपरिणामांच्या कंपनीचे संगणकीय काम असते. आजारी ट्रायसेराटॉप्स हा तीन शिंगांचा डायनासोर पूर्णपणे हाताने घडवलेला आहे. स्वयंपाकघरातल्या रॅप्टरांमध्ये (व्हेलोसिरॅप्टर या चपळ शिकारी डायनासोरांमध्ये) यंत्रे आहेत, संगणकीय प्रतिमा आहेत आणि काही ठिकाणी तर कातडे पांघरून वाकून चालणारी माणसेही आहेत.

संगणक वापरायचे आधीपासून ठरले होते का?

नाही. दूरवरून दिसणारे, धावणारे प्राणी फिल टिपेट यांच्या ‘गो मोशन’ तंत्राने करायचे ठरले होते. त्यात सांध्यांची बाहुली एकेका चौकटीसाठी हलवून चित्रित करतात आणि चित्र घेतानाच ती किंचित हलती ठेवतात, म्हणजे हालचाल तुटक दिसत नाही. दरम्यान आयएलएममध्ये स्टीव्ह विल्यम्स यांनी स्वतःहून टायरॅनोसॉरसचा सांगाडा संगणकात चालवून पाहिला. त्या चाचण्या पाहिल्यावर डेनिस म्युरेन यांच्या गटाकडे पूर्ण प्राण्यांचे काम सोपवले गेले. आता आपणच नामशेष झालो, असे उद्गार टिपेट यांनी तेव्हा काढले आणि स्पीलबर्ग यांनी ते चित्रपटातल्या संवादात गुंफले.

पुढचा भाग आम्हाला अधिक मोलाचा वाटतो. टिपेट यांना घरी पाठवले गेले नाही. प्राणी वजन कसे तोलतो, थांबण्याआधी मान कशी वळवतो, याची जाण त्यांच्या बोटांत होती आणि ती संगणकाकडे नव्हती. म्हणून सांध्यांना संवेदक जोडलेला एक धातूचा सांगाडा तयार केला गेला. जुने कलाकार तो हातांनी हलवत आणि ती हालचाल संगणकात नोंदली जाई. नवे यंत्र आल्यावर जुन्या कारागिराचे काय करायचे, हा प्रश्न चप्पल-साजाच्या आणि छापखान्यांच्या या गावात कुणाला परका नाही. त्याचे एक चांगले उत्तर या चित्रपटाच्या निर्मितीत सापडते.

चित्रीकरणात वादळ आले होते, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. चित्रीकरण ऑगस्ट १९९२ मध्ये हवाईतील कौआई बेटावर सुरू झाले आणि ११ सप्टेंबरला इनिकी नावाचे चक्रीवादळ तिथे धडकले. सगळ्या चमूला हॉटेलच्या मोठ्या दालनात आसरा घ्यावा लागला. वादळाची काही खरी दृश्ये चित्रपटात वापरली आहेत. इतके होऊनही चित्रीकरण ठरल्या तारखेच्या बारा दिवस आधी, नोव्हेंबरअखेरीस संपले.

शेवटच्या टप्प्यात दिग्दर्शक हजर नव्हते म्हणतात, ते कसे?

स्पीलबर्ग तेव्हा पोलंडमध्ये ‘शिंडलर्स लिस्ट’चे चित्रीकरण करत होते. दिवसभर ते काम आणि संध्याकाळी उपग्रहामार्फत आलेले डायनासोरांचे शॉट तपासणे, असा त्यांचा दिनक्रम होता. इकडे ध्वनी आणि इतर अंतिम कामांवर जॉर्ज लुकास यांनी लक्ष ठेवले. एका माणसाने एकाच वर्षात असे दोन चित्रपट द्यावेत, याचे आम्हाला आजही आश्चर्य वाटते. मार्च १९९४ च्या ऑस्कर सोहळ्यात ‘ज्युरासिक पार्क’ला तीन आणि ‘शिंडलर्स लिस्ट’ला सात पुरस्कार मिळाले. ‘ज्युरासिक पार्क’चे तिन्ही पुरस्कार तंत्राचे होते : दृश्यपरिणाम, ध्वनी आणि ध्वनिपरिणाम संकलन.

डायनासोरांचे आवाज कसे तयार केले?

कोणत्याही डायनासोरचा आवाज कुणी ऐकलेला नाही, त्यामुळे ध्वनिरचनाकार गॅरी रायडस्ट्रॉम यांनी जिवंत प्राण्यांकडून उसनवारी केली. टायरॅनोसॉरसच्या डरकाळीत हत्तीच्या पिलाचा संथ केलेला चीत्कार, वाघ आणि मगर मिसळलेले आहेत. तो भक्ष्य झटकतो तेव्हा ऐकू येणारी गुरगुर रायडस्ट्रॉम यांच्याच घरच्या लहानशा कुत्र्याची आहे, दोरीच्या खेळण्याशी झटापट करतानाची. रॅप्टरांच्या हाकांत समागम करणाऱ्या कासवांचा आवाज आहे, फुत्कार हंसांचे आहेत. वर्गात आम्ही कधी कधी हा प्रसंग पडदा झाकून नुसता ऐकवतो. मुले त्या वेळी अधिक दबकून बसतात, असा आमचा अनुभव आहे.

याच चित्रपटापासून डीटीएस ही ध्वनिपद्धती टॉकीजमध्ये आली. आवाज फिल्मच्या पट्टीवर न छापता वेगळ्या तबकडीवर ठेवलेला असे आणि पट्टीवरच्या वेळखुणांशी तबकडी जुळवून घेत असे.

खर्च किती आला आणि उत्पन्न किती झाले?

निर्मितीचा खर्च सुमारे ६ कोटी ३० लाख डॉलर होता. अमेरिकेत ११ जून १९९३ ला तो प्रदर्शित झाला आणि पहिल्या आठवडाअखेरीतच सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलर जमले, जो तेव्हाचा विक्रम होता. पहिल्या फेरीत जगभरातून ९१ कोटी डॉलरहून अधिक कमाई झाली. सर्वाधिक कमाईचा मान स्पीलबर्ग यांच्याच ‘ई. टी.’कडून त्याच्याकडे आला आणि ‘टायटॅनिक’ येईपर्यंत टिकला. २०१३ मध्ये त्रिमितीय रूपात तो पुन्हा लागला, तेव्हा एकूण आकडा १०० कोटींच्या पुढे गेला.

प्रसिद्धीवर निर्मितीइतकाच खर्च झाला, हे खरे का?

होय, प्रसिद्धीचा आकडा सुमारे साडेसहा कोटी डॉलर सांगितला जातो, म्हणजे निर्मितीपेक्षाही थोडा अधिक. सुमारे शंभर कंपन्यांशी करार झाले आणि हजारभर वस्तूंवर चित्रपटाचे चिन्ह झळकले : खेळणी, डबे, सदरे, खाद्यपदार्थ. पण आम्ही विद्यार्थ्यांचे लक्ष दुसरीकडे वेधतो. इतका पैसा ओतूनही झलकपटांत डायनासोर जेमतेम डोळ्यांपुढून जातात. भित्तिपत्रकावर तर प्राणीच नाही. काळ्या पार्श्वभूमीवर टायरॅनोसॉरसच्या सांगाड्याची सावली आणि खाली साडेसहा कोटी वर्षे घडत आलेल्या साहसाची एक ओळ, एवढेच. तो सांगाडा मुळात कादंबरीच्या मुखपृष्ठासाठी चिप किड यांनी रेखाटला होता. लोकांनी प्राणी पाहायला तिकीट काढून आत यावे, म्हणून तो बाहेर दाखवायचा नाही, हे धोरण शेवटपर्यंत पाळले गेले.

हेच चिन्ह चित्रपटातल्या उद्यानाच्या जीपवर आहे आणि तिथल्या भेटवस्तूंच्या दुकानातल्या कपांवर, सदऱ्यांवरही. प्राणी नीट सांभाळता येण्याआधीच त्यांचा माल विकायला मांडलेला आहे, हे दाखवणारा तो शॉट चित्रपटातल्या सर्वांत बोलक्या शॉटांपैकी एक आहे, असे आमचे मत आहे.

प्रसिद्धीचा विचार मात्र कोल्हापूरला नवा नव्हता. चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रे असलेली पुस्तिका काढण्याची पद्धत बाबूराव पेंटरांनी १९२१-२२ च्या सुमारास सुरू केली आणि चित्रपटांची भित्तिपत्रके ते स्वतः रंगवत. खरी कॉर्नरच्या कॅमेरास्तंभापाशी विद्यार्थ्यांना नेतो, तेव्हा कॅमेऱ्याबरोबर ही कुंचल्याची बाजूही आम्ही आवर्जून सांगतो.

भारतात तो कसा पोहोचला? कोल्हापुरात कसा पाहिला गेला?

१९९४ मध्ये हिंदीत डब होऊन. तोवर इंग्रजी चित्रपट ठरावीक शहरांत, ठरावीक टॉकीजमध्ये आणि ठरावीक प्रेक्षकांसाठी लागत. हिंदी आवृत्तीच्या यशानंतर मोठे इंग्रजी चित्रपट भारतीय भाषांत आणण्याची वाट रुळली. भाषांतराला चित्रपटाच्या रचनेनेही मदत केली : सगळ्यांत अवघड शास्त्रीय भाग एका बोलक्या कार्टूनच्या तोंडी आहे आणि सगळ्यांत भीतीदायक भागांत संवाद जवळपास नाहीतच.

आमच्यापैकी एकाने टॉकीजबाहेरचे हाताने रंगवलेले बॅनर तयार होताना पाहिले होते. पेंटरकाकांनी आधी सगळा काळा-हिरवा रंग भरून घेतला, डोळ्यात पिवळा ठिपका ठेवला, आणि दात अगदी शेवटी, शिडीवर उभे राहून, पांढऱ्या रंगाच्या एकेका फटकाऱ्यात काढले. जबडा मिटलेला वाटत होता तो प्रत्येक फटकाऱ्याबरोबर उघडत गेला. खाली पेठेतली पोरे डोकी वर करून उभी होती. मूळ भित्तिपत्रकावर नुसता सांगाडा होता. इथल्या बॅनरवर अख्खा प्राणी आला. प्राणी झाकून ठेवण्याचे तिकडचे धोरण इथे पाळले गेले नाही, तरी गर्दी कमी झाली नाही.

समीक्षकांना तो आवडला का?

दृश्यपरिणामांबद्दल जवळपास एकमत होते. माणसांच्या व्यक्तिरेखा पातळ आहेत, ही तक्रारही तितकीच सार्वत्रिक होती. अमेरिकी समीक्षक रॉजर एबर्ट यांनी चारपैकी तीन तारे देताना अद्भुताची भावना कमी पडल्याची खंत नोंदवली. व्यक्तिरेखांविषयीची टीका आम्हाला अंशतः मान्य आहे. वकिलाचे पात्र फक्त मरण्यासाठी आहे. पण मुलांना टाळणारा शास्त्रज्ञ त्याच मुलांना घेऊन रात्रभर झाडावर बसतो, हा प्रवास न बोलता आणि नेमकेपणाने घडतो. २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत त्याचा समावेश झाला.

फ्रान्समध्ये त्याला विरोध का झाला?

१९९३ मध्ये जागतिक व्यापाराच्या गॅट वाटाघाटी चालू होत्या आणि अमेरिकी चित्रपटांपुढे देशी चित्रपट टिकणार कसे, हा तिथे मोठा प्रश्न होता. शेकडो पडद्यांवर एकदम लागलेला हा चित्रपट त्या वादाचे प्रतीक ठरला. अखेर दृक्श्राव्य क्षेत्र त्या करारातून वेगळे ठेवले गेले. मराठी चित्रपटाला टॉकीजमध्ये खेळ मिळावेत म्हणून आपल्याकडे जे वाद होतात, ते ज्यांनी जवळून पाहिले आहेत त्यांना ही चिंता समजेल. आमच्या मते चित्रपटाचे कौतुक आणि ही चिंता एकाच मनात मावायला हरकत नाही.

त्यातले विज्ञान किती खरे आहे?

राळेत अडकलेल्या डासाच्या पोटातल्या रक्तातून डायनासोरांचा डीएनए मिळवायचा आणि त्यातून ते पुन्हा जन्माला घालायचे, ही मूळ कल्पना आज टिकत नाही. न्यूझीलंडच्या नामशेष मोआ पक्ष्यांच्या हाडांवरील २०१२ च्या अभ्यासात डीएनएचे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे निम्मे बंध तुटायला लागणारा काळ, ५२१ वर्षे निघाले. अतिथंड, अनुकूल परिस्थिती धरली तरी सुमारे ६८ लाख वर्षांत डीएनएचे सगळे बंध तुटतात. शेवटच्या डायनासोरांना जाऊन तर ६ कोटी ६० लाख वर्षे झाली. रिकाम्या जागा भरायला बेडकाचा डीएनए घेणेही गैरलागू, कारण डायनासोरांचे खरे नातलग पक्षी आणि मगरी आहेत.

व्हेलोसिरॅप्टर प्रत्यक्षात टर्कीएवढा होता. पडद्यावरचा प्राणी त्याच्या डायनोनिकस या मोठ्या नातलगाच्या जवळ जातो. २००७ मध्ये व्हेलोसिरॅप्टरच्या हाडावर पिसांच्या मुळांच्या खुणाही सापडल्या. डायलोफोसॉरस या डायनासोरची कॉलर आणि विषारी थुंकी कल्पित आहे. टायरॅनोसॉरसला फक्त हलणारेच दिसते असे चित्रपटात म्हटले आहे, पण त्याची नजर उत्तम होती, त्यामुळे स्तब्ध उभे राहून कुणी वाचला नसता. नावात ज्युरासिक असले तरी त्यातले बरेच प्राणी पुढच्या क्रिटेशस कालखंडातले आहेत. तरीही डायनासोर चपळ होते आणि पक्ष्यांचे पूर्वज होते, हा तेव्हा शास्त्रज्ञांमध्ये रुजत असलेला विचार सामान्य माणसापर्यंत या चित्रपटाने पोहोचवला. जीवाश्मतज्ज्ञ जॅक हॉर्नर सल्लागार होते, याचा तो परिणाम आहे.

कोल्हापूर परिसरात डायनासोरचे जीवाश्म सापडतील का?

पन्हाळ्याच्या सहलीनंतर हा प्रश्न हमखास येतो. शक्यता जवळपास नाही. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा आहे आणि हे उद्रेक डायनासोरांच्या अखेरच्या काळातच, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी झाले. हाडे टिकतात ती गाळाच्या खडकात. तसे खडक लाव्ह्याच्या कडेला आणि खाली आहेत, म्हणून आपल्याच राज्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरांची हाडे आणि दगड झालेली विष्ठा सापडली आहे. गुजरातेत बालासिनोरजवळच्या रहियोलीला अंडी मिळाली आणि तिथल्या हाडांवरून २००३ मध्ये राजासॉरस या मांसाहारी प्राण्याचे नामकरण झाले. सहल काढायची असेल तर तिकडे काढावी.

लहान मुलांना दाखवावा का?

दहा वर्षांच्या पुढे, मोठ्या माणसासोबत. स्वयंपाकघराचा प्रसंग त्याआधी जड जातो.

पाण्याच्या पेल्यातली वर्तुळे कशी उमटवली? तो प्रयोग करता येतो का?

टायरॅनोसॉरस येण्याआधी गाडीतल्या पेल्यात एकात एक वर्तुळे उमटतात. हे वाटते तितके सोपे नव्हते. पेला हलवून पाणी नुसते हिंदकळते. परिणामतज्ज्ञ मायकेल लँटिएरी यांनी गाडीच्या पुढच्या फळीतून गिटारची तार खाली जमिनीपर्यंत ताणली आणि गाडीखाली झोपलेल्या माणसाने ती छेडली.

आम्ही हा प्रयोग तुणतुण्याच्या तारेवर करतो. लाकडी टेबलाच्या फळीला खालून खिळा ठोकून तार बांधायची, दुसरे टोक जमिनीवरच्या जड पाट्याला घट्ट ताणायचे आणि खिळ्याच्या बरोबर वर काठोकाठ भरलेला काचेचा पेला ठेवायचा. स्टीलच्या फुलपात्रात वर्तुळे उमटतात, पण चकाकीमुळे मागच्या बाकांवरून दिसत नाहीत. तार सैल असेल तर पाणी थरथरते आणि वर्तुळ मोडते. एकेक पीळ देत, मध्ये मध्ये छेडून पाहत जावे लागते. सूर जुळला की मधोमध एक बारीक कडे उमटते, काठाकडे सरकते आणि त्याच्या आत दुसरे तयार होते. टेबलाखाली बसून तार छेडणाऱ्या विद्यार्थ्याला यातले काहीच दिसत नाही. वर सगळे गप्प झाले, की जमले हे त्याला कळते.